सोडचिठ्ठी आणि हुकूमनामा

कल्याणहून कर्जतकडे निघालेली लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ करत अर्ध्या तासाच्या आत बदलापूरला पोचते. एवढ्याशा टप्प्यात २०११ च्या जनगणनेनुसार सव्वानऊ लाखांहून अधिक माणसं राहत होती : उल्हासनगरात ५,०६,०९८, अंबरनाथमध्ये २,५३,४७५ आणि कुळगाव-बदलापुरात १,७४,२२६. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं, अंबरनाथ कारखान्यांच्या भोंग्यावर वाढलं, आणि मुंबईला नोकरीला जाणाऱ्यांनी गृहकर्ज काढून बदलापूर भरवलं. तिन्ही ठिकाणी मूळ गाव मागे ठेवून आलेली माणसं पुष्कळ. त्यामुळे संसार बिघडला की सल्ला द्यायला आधी येतात ते शेजारी, समाजाच्या मंडळातले ज्येष्ठ, लग्न जुळवताना मध्ये असलेले नातेवाईक. वकील येतो तो फार उशिरा.

विचारले जाणारे प्रश्न मात्र सगळीकडे तेच असतात. घटस्फोट किती दिवसांत मिळतो? दोघं राजी असतील तर नोटरीकडे होतो का? अर्ज कुठे करायचा? तोवर खायचं काय? घर कोणाचं, मूल कोणाकडे? या प्रश्नांना दोन तऱ्हांची उत्तरं मिळतात. एक समाजातल्या जाणत्या माणसाचं. त्यांना इथे ‘काका’ म्हटलं आहे. दुसरं कायद्यातच रोज वावरणाऱ्या वकीलबाईंचं; त्यांना ‘ताई’ म्हटलं आहे. ही कुणी विशिष्ट माणसं नव्हेत, हे दोन पक्ष आहेत. माझा कल ताईंकडे आहे आणि तो मी लपवत नाही. अटी खुशाल घरच्या बैठकीत ठरोत, पण शेवट न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच व्हावा. आणि तिकडे जायला जितका उशीर, तितकं नुकसान दुबळ्या बाजूचं, एवढंच मला म्हणायचं आहे. काकांचे आक्षेप मात्र पोकळ नाहीत. म्हणून आधी त्यांचं ऐकू.

काका : ताई, राग मानू नका, पण शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे उगीच म्हणत नाहीत. नवरा-बायकोचं पटत नाही, दोन्ही घरांना ते मान्य आहे, देणं-घेणं ठरलं आहे. मग राहिलं काय? दोन्हीकडची चार-चार माणसं बसवावीत, मुलीचे दागिने आणि भांडीकुंडी परत द्यावीत, स्टॅम्प पेपरवर लिहून घ्यावं, नोटरीचा शिक्का मारावा, एका दिवसात दोघं मोकळी. तुमच्याकडे आलं की वकिलाची फी, तारखांवर तारखा आणि दर तारखेला बुडालेली रोजंदारी. मुलीचं वय उलटून जातं, मुलगा चाळिशीला येतो. ज्या न्यायाची वाट बघताना माणसाचं आयुष्य सरतं, त्यापेक्षा बैठकीतला अर्धामुर्धा न्याय बरा, असं चार संसार पाहिलेला माणूस म्हणाला तर त्याचं चुकलं कुठे?

ताई : काका, तो कागद एकदा हातात घेऊन बघू. वर मुद्रांक, खाली टंकलेला मजकूर की आम्ही राजीखुशीने वेगळे होत आहोत आणि यापुढे एकमेकांवर कसलाही हक्क सांगणार नाही. दोघांचे पासपोर्ट आकाराचे फोटो, त्यांवर अर्धवट उमटलेला गोल शिक्का, दोन साक्षीदारांच्या सह्या. दिसायला सरकारी. पण हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं लग्न त्या कागदाने तसूभरही मोडत नाही. सही या माणसांनीच केली, एवढंच नोटरी सांगू शकतो. लग्न मोडायचा अधिकार त्याला कुणी दिलेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राच्या विधी विभागाने नोटरींना तशी लेखी समजही दिली आहे. त्या कागदाच्या भरवशावर दोघांपैकी कुणी दुसरं लग्न केलं, तर ते लग्न कायद्याने शून्य आणि वर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली गुन्हा, शिक्षा सात वर्षांपर्यंत. खरी किंमत कळते ती वीस वर्षांनी. नवरा आयुध निर्माणीत किंवा रेल्वेत असेल आणि त्याच्यामागे कुटुंब निवृत्तिवेतनाचा प्रश्न आला, तर कार्यालय विचारतं, कायदेशीर पत्नी कोण? तेव्हा जिने वीस वर्षं त्याचा संसार केला ती दुसरी रिकाम्या हाती उभी राहते. एका दिवसात मोकळं करणारा कागद असा वीस वर्षांनी गळ्यात येतो, आणि बहुतेक वेळा बाईच्याच.

काका : पण आमच्याकडे काडीमोड होती, फारकत होती. पाचजणांसमोर सोडचिठ्ठी दिली की संपलं. कितीतरी जातींत बाईचा पाट लागायचा. ज्यांना तुम्ही मागासलेले म्हणता त्यांनी बाईला दुसरा संसार दिला, आणि पांढरपेशांची बाई जन्मभर कुढत बसली. तुमच्या कायद्यानेच ही रूढी मान्य केली आहे असंही मी ऐकलं आहे. मग मानत का नाही?

ताई : बरोबर ऐकलंत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) ने रूढीने मिळणारा घटस्फोट शाबूत ठेवला आहे. पण रूढी म्हणजे काय हेही तोच कायदा सांगतो : ती दीर्घकाळ, अखंड, एकसारखी चालत आलेली हवी, निश्चित हवी, सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध नको. आणि ती आहे असं जो म्हणतो त्याने ती सिद्ध करायची. यमनाजी जाधव विरुद्ध निर्मला या खटल्यात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावलं : असा घटस्फोट सर्वसाधारण कायद्याला अपवाद आहे, तेव्हा रूढीचा दावा स्पष्ट मांडला पाहिजे आणि पुराव्याने शाबीत केला पाहिजे, नुसता सोडचिठ्ठीचा दस्त पुरत नाही. म्हणजे कोर्ट टळावं म्हणून केलेली सोडचिठ्ठी टिकवायला शेवटी कोर्टातच उभं राहायचं, तेही आपल्या जातीची जुनी चाल सांगणारे साक्षीदार शोधत. शहरात दोन पिढ्या काढलेल्या घराला ते कुठून जमणार?

आणि काका, पाट लावणाऱ्या समाजांनी जी माणुसकी दाखवली तीच तर कायद्याने सगळ्यांसाठी आणली. बडोद्यात सयाजीरावांच्या राज्यात १९३१ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई प्रांतात तो १९४७ मध्ये आला. डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोड बिल रेंगाळल्यावर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. त्या बिलाचाच एक तुकडा पुढे १९५५ चा कायदा झाला. तो हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीखांनाही लागू आहे. उल्हासनगर-अंबरनाथच्या बौद्ध वस्त्यांत ‘आपल्याला तो हिंदूंचा कायदा लागत नाही’ असं कुणी सांगितलं, तर तो गैरसमज आहे. नोंदणी पद्धतीने लग्न झालं असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा. मुस्लिमांत खुला आणि मुबारात या कोर्टाबाहेरच्या वाटा आहेत, मुस्लिम पत्नीला १९३९ च्या कायद्याने कोर्टाचा दरवाजाही आहे. मात्र एका दमात तीनदा तलाक म्हणून बायकोला बाहेर काढणं ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवलं आणि २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला. धर्म वेगळे, पण रोख एकच : एकाने ठरवलं आणि दुसऱ्याने ऐकलं, असं लग्न मोडता येऊ नये.

इथे काकांच्या बाजूने एक भर घालायला हवी. रूढीचा न्याय लोकांना जवळचा वाटतो कारण तो त्यांच्या बोलीत होतो आणि लगेच होतो. कायद्याने रूढीची जागा घेतली, पण जवळीक आणि तत्परता हे रूढीचे दोन गुण बरोबर घेतले का, हा प्रश्न शिल्लक उरतो. त्याच्याकडे शेवटी वळू. आधी काकांचा सर्वात तर्कशुद्ध आक्षेप बघू.

काका : बरं, सोडचिठ्ठी नको. पण दोघं स्वतःहून कोर्टात येऊन सांगतात की आम्हाला वेगळं व्हायचं आहे. दोघं सज्ञान, कमावती. तरी तुम्ही म्हणणार एक वर्ष थांबा, मग सहा महिने थांबा. दोघांची संमती असताना सरकारला मध्ये पडायचं कारण काय? लग्न करताना तर कुणी विचारलं नव्हतं की सहा महिने विचार करा.

ताई : इथे दोन वेगळी ‘एक वर्षं’ लोक एकात एक मिसळतात, ती आधी सोडवू. पहिलं हिंदू विवाह कायद्याच्या कलम १४ चं : लग्नाला वर्ष व्हायच्या आत घटस्फोटाचा अर्ज करता येत नाही. अपवाद असामान्य हालअपेष्टांचा, तोही कोर्टाच्या परवानगीने. दुसरं कलम १३-ब चं, म्हणजे ज्याला सगळे ‘म्युच्युअल’ म्हणतात त्याचं : अर्ज करताना दोघं किमान वर्षभर वेगळी राहत असली पाहिजेत. वेगळं म्हणजे दोन पत्तेच हवेत असं नाही. १९९१ च्या सुरेष्टा देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एका छपराखाली राहूनही माणसं पती-पत्नी म्हणून नांदत नसतील तर ते वेगळं राहणंच. बदलापूरला वन रूम किचनमध्ये हप्ता दोघांच्या पगारातून जातो म्हणून एकत्र अडकलेल्या जोडप्यांना हे ठाऊक असायला हवं. अर्जानंतर सहा महिने ते अठरा महिने या काळात दोघांनी पुन्हा येऊन ‘हो, आमचं अजून तेच म्हणणं आहे’ असं सांगायचं. त्या सहा महिन्यांचं म्हणाल, तर १२ सप्टेंबर २०१७ च्या अमरदीप सिंग खटल्यापासून ती सक्ती राहिलेली नाही. वेगळं राहून दीड वर्ष झालं आहे, समेटाचे प्रयत्न फसले आहेत, पोटगी आणि मुलांचं खरंखुरं मिटलं आहे, असं दिसलं तर कोर्ट हा काळ माफ करू शकतं. अर्ज मात्र करावा लागतो, आपोआप होत नाही.

आता कारण विचारलंत. संमती कोणत्या अवस्थेत दिली हे बैठकीत कुणी तपासत नाही. माहेरी परतलेली मुलगी, घरात लग्नाची धाकटी बहीण, भावजयीच्या नजरा. अशा वेळी ‘दे सही आणि हो मोकळी’ म्हटलं की ती पोटगी सोडते, दागिने सोडते, कधी मुलाचा खर्चही सोडते. सुरेष्टा देवी खटल्याचा दुसरा निष्कर्ष याच ठिकाणी कामाला येतो : हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणालाही संमती मागे घेता येते. थांबण्याचा काळ हा त्या सहीला दिलेला श्वास आहे. ज्यांचं खरंच मिटलं आहे त्यांना २०१७ च्या निकालाने वाट करून दिली, आणि ज्यांच्यावर दडपण आहे त्यांना परत फिरायला जागा ठेवली. याहून नीट तोल बैठकीत साधतो का?

काका : दोघं राजी आहेत तोवर तुमचं ठीक. पण एक अडून बसला की? मग तुमच्या अर्जात बायको नवऱ्याला जनावर ठरवते, नवरा तिच्या चारित्र्यावर जातो. बातम्यांत सांगतात की लग्न पार मोडलं असेल तर कोर्ट घटस्फोट देतं. मग खालच्या कोर्टात ही चिखलफेक कशाला?

ताई : बातमी खरी, पण अर्धी. १ मे २०२३ रोजी शिल्पा शैलेश खटल्यात घटनापीठाने म्हटलं की लग्न सावरता येणार नाही इतकं मोडलं असेल तर सर्वोच्च न्यायालय घटनेच्या कलम १४२ खाली ते संपवू शकतं. तो अधिकार फक्त त्या न्यायालयाचा. कल्याण-ठाण्याच्या न्यायाधीशांना कायद्यातली कारणंच बघावी लागतात : व्यभिचार, क्रूरता, किमान दोन वर्षांचा परित्याग, धर्मांतर, गंभीर मनोविकार वगैरे. विधी आयोगाने १९७८ मध्ये आपल्या ७१ व्या अहवालात मोडलेलं लग्न हेच कारण धरावं असं सुचवलं होतं. २०१० चं विधेयक राज्यसभेत मंजूरही झालं आणि पुढे बारगळलं. चिखलफेक कमी व्हावी असं वाटत असेल तर इथे तुम्ही आणि मी एकाच बाजूला आहोत, काका. पण पोटगी आणि घर यांची हमी असल्याशिवाय ते कारण आणलं, तर बायकोला टाकून दिलेला नवराच म्हणेल की बघा, लग्न मोडलं आहे.

पुरावा किती लागतो, हे मराठी माणसाला सांगायला पुण्याचा दास्ताने खटला आहे. लग्न १९५६ चं, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मार्च १९७५ चा, लिहिला न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनी. फौजदारी खटल्यासारखा तिळमात्र शंका न उरणारा पुरावा इथे लागत नाही. कुणाची बाजू अधिक संभाव्य वाटते ते बघायचं, असं त्यात ठरलं. पत्नीचं वागणं क्रूर होतं असंही न्यायालयाने मानलं. तरीही नवरा हरला. कारण त्या वागण्यानंतर दोघं पुन्हा नांदली होती, आणि नांदणं म्हणजे माफ करणं. क्रूरता पुन्हा झाली तर माफी गळून पडते, हेही तिथेच सांगितलं आहे. आपल्याकडे बैठकीत सर्रास म्हणतात, ‘जा, महिनाभर नांदून बघ.’ ते चांगल्या मनाने म्हणतात. पण त्याचा कायदेशीर अर्थ काय होतो हे त्या मुलीला कुणी सांगत नाही. आणि अब्रूचं म्हणाल, तर कलम २२ नुसार ही सुनावणी बंद दालनात होते, तिचा तपशील छापायला बंदी आहे. मंडळाच्या हॉलमध्ये वीस माणसांसमोर चारित्र्य काढलं जातं, तिथे कोणतं दालन बंद असतं?

काका : हॉलचं मान्य, तिथे जिभा सुटतात. पण पैशाचं बोला. मुलगी अंबरनाथला माहेरी, नवरा सुरतला निघून गेला, लग्न जळगावला झालं. ती कुठल्या कोर्टात खेटे घालणार आणि कशाच्या जोरावर? आणि दुसरी बाजूही आहे. रागाच्या भरात सगळ्या सासरावर तक्रार होते, म्हाताऱ्या आईबापाला पोलीस ठाण्यात बसवतात. तेव्हा तुमचा कायदा दुबळ्याचा राहतो का?

ताई : तुमच्या उदाहरणातल्या मुलीला चार दारं आहेत. लग्न झालं ते जळगाव. दोघं शेवटची एकत्र राहिली ते ठिकाण, समजा बदलापूर. नवरा राहतो ती सुरत. आणि २००३ च्या दुरुस्तीपासून अर्ज करताना पत्नी स्वतः राहते ते अंबरनाथ. शेवटची सोय फक्त पत्नीला आहे. ठाण्याला कौटुंबिक न्यायालय आहे, कल्याणला वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालय आहे. आपला पत्ता कोणाच्या हद्दीत येतो ते अर्ज लिहिण्याआधी न्यायालयाच्या कार्यालयात विचारून घ्यावं, म्हणजे अर्ज परत येत नाही. खर्चाचं म्हणाल, तर महाराष्ट्रात १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, घटस्फोट, मालमत्ता आणि हिंसाचाराच्या वादांत स्त्रियांना न्यायालयीन शुल्क माफ आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो; महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांच्या आत कमावणाऱ्या पुरुषालाही मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करून विचारता येतं.

तोवर खायचं काय, याचं उत्तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे : खटला चालू असतानाची पोटगी आणि खटल्याचा खर्च. ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालाने, ज्याचं मूळ नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात होतं, दोन गोष्टी पक्क्या केल्या. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची. आणि दोघांनी मिळकत-देण्याचं शपथपत्र द्यायचं. त्यात पगार, बँक खाती, घरभाडं, कर्जाचे हप्ते, दागिने, विमा, अवलंबून असलेली माणसं असं सगळं लिहावं लागतं. बैठकीत नवऱ्याचा पगार कोण किती मोठ्याने बोलतो यावर ठरतो. इथे तो शपथेवर लिहावा लागतो आणि खोटं निघालं तर अंगाशी येतं. म्हणून म्हणते, अर्ज लवकर करा. घरच्या चर्चेत गेलेली दोन वर्षं त्या हिशेबात धरली जात नाहीत.

आता सासरचं. जाच हा गुन्हा आता न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आहे, जुनं ४९८-अ. तक्रार झाली की अटक, असं नाही. जुलै २०१४ च्या अर्णेश कुमार निकालाने पोलिसांना अटकेची गरज लेखी दाखवायला लावली. आणि कलम २४-२५ ची पोटगी एकतर्फी नाही. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नांदेडच्या एका प्रकरणात शिक्षिका असलेल्या पत्नीने माजी पतीला दरमहा ३,००० रुपये द्यावेत हा आदेश कायम केला. उत्पन्न ज्याचं कमी, दुबळा तो. तक्रारीतली अतिशयोक्ती मी नाकारत नाही. पण पोटगी आणि निवारा वेळेवर मिळाला, तर पोलीस ठाणं हे सौदा जमवायचं हत्यार बनायचं कारण बरंच कमी होईल.

काका : आणि फ्लॅट? इथल्या मुलांची सगळी कमाई तिथेच. मुलाचं काय?

ताई : लोकांना वाटतं घटस्फोट झाला की घर निम्मं-निम्मं. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यात पती-पत्नीच्या मालमत्तेची समाईकी आहे. आपल्याकडे तशी नाही. नाव कोणाचं, पैसे कोणी भरले, हे बघितलं जातं. दोघांच्या नावावर कर्ज असेल तर बँक घटस्फोट ओळखत नाही. हप्ता थकला की नोटीस दोघांना. म्हणून संमतीच्या अटींतच लिहायचं की घर कोण ठेवणार, दुसऱ्याला किती रक्कम कधी मिळणार, कर्जातून नाव कधी निघणार. राहण्याचा हक्क वेगळा : २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली पीडित पत्नीला सामाईक घरात राहण्याचा आदेश मागता येतो, आणि ऑक्टोबर २०२० च्या सतीश आहुजा निकालानंतर घर सासऱ्याच्या नावावर आहे एवढ्यावरून तो नाकारता येत नाही. मुलाचं म्हणाल तर पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहतं, पण कसोटी एकच, मुलाचं हित. आईने स्वतःची पोटगी सोडली म्हणून मुलाचा हक्क बुडत नाही. आणि ताबा एकाकडे गेला तरी दुसऱ्याची भेट ठरवून मिळते. बैठकीत मुलाला ‘तुमचं तुम्ही ठेवा’ म्हणून वाटून टाकतात, तेव्हा ही भेट कुणाच्या ध्यानातच येत नाही.

काका : सगळं पटतं ताई, पण कागदावर. तुमच्याच कायद्यात लिहिलं आहे ना, की पोटगीचा अर्ज साठ दिवसांत निघावा आणि खटला सहा महिन्यांत? निघतो का? ज्या दिवशी निघेल त्या दिवशी मी बैठक बोलावणं बंद करीन.

काकांच्या या शेवटच्या वाक्याला ताईंकडे पुरतं उत्तर नाही, आणि ते असल्याचा आव आणू नये. कलम २४ मध्ये नोटिसीपासून साठ दिवस आणि कलम २१-ब मध्ये सहा महिने हे शब्द आहेत, पण दोन्ही ठिकाणी ‘शक्य तोवर’ हेही आहे, आणि खटले त्या ‘शक्य तोवर’मध्येच अडकतात. पण म्हणून बैठक जिंकते का? बैठकीचा वेग येतो कुठून ते पाहिलं पाहिजे. तिथे कुणी कागद मागत नाही, कुणी पगार शपथेवर विचारत नाही, सही कुणी कोणत्या अवस्थेत केली याची चौकशी नाही. गाळलेल्या प्रत्येक प्रश्नामागे दोघांपैकी एकाचा हक्क असतो, आणि तो एक बहुधा तोच, ज्याला बैठकीत शेवटी बोलू देतात. कोर्टाचा उशीर हा दोष आहे आणि दोष दुरुस्त करता येतो : न्यायाधीश वाढवून, समुपदेशक नेमून, अंतरिम पोटगीचे अर्ज वेगळ्या पटलावर घेऊन. बैठकीचा वेग मात्र तिच्या दोषातूनच जन्मतो. तो दोष काढला तर वेगही जाईल.

म्हणून बैठक बंद व्हावी असं मी म्हणणार नाही. कायदाही तसं म्हणत नाही. कलम २३ न्यायाधीशाला आधी समेटाचा प्रयत्न करायला लावतं आणि १९८४ चा कौटुंबिक न्यायालय कायदा त्याच पायावर उभा आहे. जाणत्या माणसांनी बसावं, दोघांचं शांतपणे ऐकावं, दागिन्यांची यादी करावी, मुलाच्या शाळेच्या फीची रक्कम ठरवावी, फ्लॅटच्या हप्त्याची तारीख लिहावी. मारहाण असेल तिथे मात्र बैठक नको, थेट संरक्षण अधिकारी किंवा दंडाधिकारी. ठरलेलं सगळं संमतीच्या अटी म्हणून न्यायालयात दाखल करावं. मग ती रक्कम मागायला कुणाच्या दारात जावं लागत नाही, हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागता येते. दुसरं लग्न अपिलाची मुदत सरल्यावर निर्धास्त करता येतं. निवृत्तिवेतनाच्या खिडकीवर न्यायालयाच्या शिक्क्याची प्रमाणित प्रत ठेवता येते. काकांनी आपली पत वापरायची तर ती मुलीला सही करायला लावण्यात नको. तालुक्याच्या विधी सेवा समितीपर्यंत तिच्यासोबत जाण्यात आणि साठ दिवसांचं काय झालं हे आमदारांना विचारण्यात ती खर्ची पडावी. सव्वानऊ लाखांच्या तीन शहरांत असे काका गल्लोगल्ली आहेत. साठ दिवसांचा प्रश्न त्यांनी विचारायला घेतला, तर ‘शक्य तोवर’ हे दोन शब्द इतके सहज वापरले जाणार नाहीत.